हस्तनिर्मित धारित्रांचा इतिहास : खामगावच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

धारित्र हा विद्युत् उपकरणांतील एक साधा घटक आहे. दोन धातूंचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये विद्युत्‌रोधक थर, एवढीच त्याची मूळ रचना. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतो. आज हा घटक यंत्रावर प्रचंड संख्येने तयार होतो आणि काही रुपयांत मिळतो. असे असतानाही जपान, डेन्मार्क, अमेरिका या देशांतील काही लहान कार्यशाळांत उच्च प्रतीच्या ध्वनिवर्धकांसाठी धारित्रे आजही हाताने बनवली जातात. त्यांत तांब्याचे किंवा चांदीचे पत्रे आणि तेलात वा मेणात भिजवलेला कागद वापरला जातो. यंत्रनिर्मित धारित्राच्या शेकडो पट किंमत देणारे ग्राहक त्यांना मिळतात.

वस्तुतः धारित्राच्या इतिहासात हातकाम नवे नाही. नवी आहे ती त्याला मिळणारी किंमत. हातकामाचे मोल कशावर ठरते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. बुलडाणा जिल्ह्यातील खामगावचा संदर्भ येथे दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. एक म्हणजे कापसाच्या व्यापारामुळे हे गाव समुद्री तारायंत्राच्या युगाशी जोडले गेले. दुसरे म्हणजे चांदीच्या कामामुळे ते आजही ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते.

कापूस, तार आणि धारित्र

धारित्राचा पहिला अवतार म्हणजे लेडनची बरणी. १७४५-४६ च्या सुमारास पोमेरेनियात क्लाइस्ट आणि लेडन येथे मुशेनब्रुक यांनी काचेच्या भांड्यात विद्युत्‌भार साठवता येतो हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. पुढे सुमारे शतकभर ही बरणी प्रयोगशाळेतच राहिली. तिच्यामागील तत्त्वाला व्यापारी महत्त्व आले ते समुद्राखालील तारांमुळे.

समुद्रात टाकलेली तार हेच एक प्रचंड धारित्र असते. आत तांब्याचा वाहक, त्याभोवती गटापर्चाचे आवरण आणि बाहेर खारे पाणी. अशा तारेत भार साठून राहतो आणि संदेश अस्पष्ट व मंद होतो. विल्यम थॉमसन यांनी १८५० च्या दशकात याची गणिती मीमांसा केली आणि हा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे दाखवले. क्रॉमवेल व्हार्ली यांनी १८६० च्या दशकात तारेच्या टोकाशी धारित्र जोडून संकेत अधिक स्पष्ट करण्याची युक्ती काढली. पुढे म्यूरहेड यांच्या पद्धतीत एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी संदेश पाठवता येऊ लागले. त्यासाठी कथिलाचे पातळ पत्रे व पॅराफिन लावलेले कागद एकावर एक रचून तयार केलेली धारित्रे वापरली जात.

याच काळात वऱ्हाडात मोठे आर्थिक स्थित्यंतर घडत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई जाणवली व वऱ्हाडच्या कापसाला महत्त्व आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव या सुमारे आठ मैलांच्या फाट्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी मुंबई–एडन–सुएझ ही समुद्री तार पूर्ण होऊन मुंबई लंडनशी जोडली गेली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. ते बुलडाणा जिल्ह्यात आले १९०५ च्या पुनर्रचनेत.

रेल्वेने खामगावचा कापूस बंदराकडे नेला. तारेने लिव्हरपूलचा भाव काही आठवड्यांऐवजी काही तासांत भारतात आणला. कापूस पिकवणारा, वेचणारा आणि सरकी काढणारा हात वऱ्हाडचा होता. भाव मात्र दूरच्या बाजारात ठरत होता. ही विषम रचना धारित्राच्या पुढील इतिहासातही दिसते.

अभ्रक सोलणारे हात

बिनतारी संदेशवहनाच्या आरंभी प्रक्षेपकांत लेडनच्या बरण्याच वापरल्या जात. त्या अवजड व फुटक्या होत्या. विल्यम डुबिलिये यांनी १९१० च्या सुमारास अभ्रकाची आटोपशीर धारित्रे तयार केली. पहिल्या महायुद्धात बिनतारी यंत्रांमुळे त्यांची मागणी वाढली.

उत्तम अभ्रकाचा मोठा पुरवठा भारतातून होत असे, विशेषतः बिहारच्या कोडरमा–हजारीबाग पट्ट्यातून. अभ्रकाचे कागदाहूनही पातळ पापुद्रे काढण्याचे काम हाताने व सुरीने चाले. त्यात स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने असत. हे काम विलक्षण कौशल्याचे होते. बोटांना जाडीचा अंदाज नसेल तर पापुद्रा वाया जाई. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा इतका निर्णायक मानला गेला की ब्रिटन व अमेरिका यांनी १९४२ मध्ये त्याच्या खरेदीसाठी संयुक्त अभ्रक मिशन स्थापन केले.

म्हणजेच अभ्रक-धारित्र हेही एका अर्थाने हस्तनिर्मितच होते. तरीही अभ्रक सोलणाऱ्या हाताला अत्यल्प मजुरी मिळाली. प्रत ठरवली जाई ती अभ्रकाची, आणि धारित्रावर नाव येई ते कारखान्याचे.

रेडिओ आणि कागदी धारित्र

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. व्हॉल्व्हच्या त्या काळच्या रेडिओत मेणकागदाची धारित्रे असत. एका व्हॉल्व्हमधील ध्वनिसंकेत पुढील व्हॉल्व्हकडे जाऊ द्यायचा, पण उच्च दाबाचा एकदिश प्रवाह अडवायचा, हे जोड-धारित्राचे काम. उष्णतेने मेण वितळले किंवा कागदात ओल शिरली की धारित्र ‘गळू’ लागे. मग आवाज फाटे आणि व्हॉल्व्ह निकामी होण्याचा संभव असे. पुढे पॉलिएस्टर व पॉलिप्रोपिलीनच्या फिती आल्या आणि हा दोष बव्हंशी संपला. यंत्राने गुंडाळलेले धारित्र स्वस्त, टिकाऊ आणि अचूक ठरले.

हाताकडे परतणे

यानंतरचे वळण लक्षणीय आहे. जपानमध्ये हिरोयासू कोंडो यांनी १९७६ मध्ये ‘ऑडिओ नोट’ ही संस्था स्थापन केली आणि व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांत चांदीच्या तारा व चांदीच्या पत्र्यांची धारित्रे वापरली. डेन्मार्कच्या ‘डुएलंड’ने धातूचे पत्रे आणि तेल-मेणाचा कागद यांची धारित्रे पुढे आणली. अमेरिकेत मधमाशीच्या मेणाची कागदी धारित्रेही बनू लागली. ज्या जोड-धारित्राच्या गळतीमुळे जुना रेडिओ बंद पडे, त्याच जागी ही महागडी धारित्रे बसवली जातात.

त्यांच्या श्रेष्ठत्वाविषयी मतभेद आहेत. चांदीचा विद्युत्‌रोध तांब्यापेक्षा सुमारे पाच-सहा टक्क्यांनीच कमी असतो, आणि धारित्रातील पत्र्याचा रोध मुळातच नगण्य. ऊर्जाक्षयाच्या मोजमापात तर स्वस्त पॉलिप्रोपिलीन हे कागदापेक्षा सरस ठरते. श्रोते मात्र कानाचा दाखला देतात. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. या ग्राहकाला धारित्र कोणी, कोठे व कोणत्या द्रव्यापासून बनवले हे ठाऊक असते, आणि त्या माहितीचीही किंमत तो देतो.

खामगावच्या संदर्भात

खामगावात चांदीच्या मूर्ती, भांडी व पूजेची उपकरणे घडवली जातात आणि येथील चांदीच्या शुद्धतेचा लौकिक दूरवर आहे. येथील कारागिरांनी धारित्रे बनवावीत, असा सरळ निष्कर्ष यातून काढणे भाबडेपणाचे ठरेल. धारित्राच्या पत्र्याला मिलिमीटरच्या शतांश भागाच्या आसपासची एकसारखी जाडी लागते. ते काम लाटणयंत्राचे व मोजमापाचे आहे, हातोडीचे नव्हे. हाताचा भाग येतो तो निवड, रचना, गुंडाळणी आणि तपासणी यांत.

तथापि तुलना उद्बोधक आहे. खामगावचा कापूस आणि कोडरमाचे अभ्रक यांना मागणी होती व ते तयार करणाऱ्या हातांना कौशल्यही होते. अभाव होता तो अंतिम वस्तूवरील अधिकाराचा. कोंडो यांच्या कार्यशाळेने द्रव्यापासून तयार ध्वनिवर्धकापर्यंतची साखळी आपल्या नावाखाली ठेवली. खामगावची चांदीही गावाच्या नावाने विकली जाते, आणि हीच तिची कापसाहून वेगळी बाजू आहे.

समारोप

‘हस्तनिर्मित’ या शब्दात स्वतःचे असे मोल नसते. तो हात साखळीत कोठे आहे आणि त्याचे नाव वस्तूबरोबर प्रवास करते की नाही, यावर ते ठरते. पापुद्रा काढणारी कोडरमाची स्त्री आणि चांदीचा पत्रा गुंडाळणारा जपानी कारागीर यांच्या बोटांच्या कौशल्यात फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते त्यांची नोंद होण्यात. खामगावच्या चांदीला गावाचे नाव मिळाले आहे. ती घडवणाऱ्यांची नावे, त्यांची साधने आणि त्यांच्या कामाच्या रीती यांची नोंद ठेवणे, हे जिल्ह्याच्या इतिहासलेखनापुढील पुढचे काम होय.