पडद्याची किंमत : बिझनेस क्लासची जन्मकथा 🧵

१/९
विमान एकच, वैमानिक एकच, पोहोचण्याची वेळही एकच. तरीही पडद्यापुढील आसनाचे भाडे मागच्या आसनाच्या कित्येक पट असते. हा जादा पैसा नेमका कशासाठी? उत्तर हवे असेल, तर या पडद्याचा इतिहास पाहावा लागतो. 👇

२/९
अटलांटिकपारच्या विमानप्रवासात ‘टुरिस्ट’ हा स्वस्त वर्ग १९५२ मध्ये आला. १९५८ मध्ये त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ अवतरला. पुढे बराच काळ विमानात मुख्यतः दोनच वर्ग असत : पुढे श्रीमंतांचा फर्स्ट, मागे बाकी सर्वांचा इकॉनॉमी.

३/९
जानेवारी १९७० मध्ये बोईंग ७४७ प्रवासी सेवेत दाखल झाले. एवढ्या अवाढव्य विमानाच्या जागा भरणे सोपे नव्हते. सवलतीच्या तिकिटांचे पेव फुटले. सप्टेंबर १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांच्या ‘स्कायट्रेन’ने तर लंडन–न्यूयॉर्क प्रवास अवघ्या ५९ पौंडांवर आणला.

४/९
यातून एक नवाच पेच उभा राहिला. ऐनवेळी निघणारा व्यावसायिक इकॉनॉमीचे पूर्ण भाडे भरत असे. शेजारचा पर्यटक त्याहून कितीतरी कमी पैशांत आलेला असे. आसन तेच, जेवण तेच. जादा पैशांत तिकीट बदलण्याची मुभा मिळे; पण ती डोळ्यांना दिसत नसे. साहजिकच कुरबुर वाढली.

५/९
१९७६ मध्ये केएलएमने पूर्ण भाडे भरणाऱ्यांना इकॉनॉमीच्या पुढच्या भागात वेगळे बसवण्यास सुरुवात केली. १९७८ मध्ये ब्रिटिश एअरवेजचा ‘क्लब’ आणि पॅन अ‍ॅमचा ‘क्लिपर क्लास’ आला. १९७९ मध्ये क्वांटासचा ‘बिझनेस क्लास’. म्हणजे आधी आला तो पडदा. ऐसपैस आसन मागाहून आले.

६/९
हे वर्गांचे गणित विमानाहून जुने आहे. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्युई याने १८४९ मध्येच रेल्वेबाबत ते उलगडले होते. तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे ठेवले जात, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. मागच्यांची गैरसोय हीच पुढच्या तिकिटाची जाहिरात!

७/९
आकाशात नवा वर्ग आकार घेत होता, त्याच सुमारास भारतीय रुळांवर उलटा प्रयोग झाला. कोकणातील राजापूरचे खासदार मधु दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा ‘गीतांजली एक्स्प्रेस’ सुरू झाली, तीही वर्गविरहित. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवण्याचे श्रेयही त्यांचेच. पहिला वर्ग खाली खेचण्याऐवजी त्यांनी दुसरा वर उचलला.

८/९
विमान कंपन्यांनी मात्र पुढचाच वर्ग उंचावला. ‘काँकॉर्ड’च्या (१९७६–२००३) महागड्या तिकिटात निदान वेळ विकत मिळे : लंडन–न्यूयॉर्क सुमारे साडेतीन तासांत. बिझनेस क्लासने वेळ वाचत नाही. पण २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने त्यात पूर्ण सपाट होणारी शय्या आणली आणि झोप विकाऊ झाली.

९/९
मग हा खर्च सार्थ आहे का? रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळीच कामाला उभे राहायचे असेल किंवा पाठीचे दुखणे असेल, तर त्या झोपेला खरे मोल आहे. दोन तासांच्या दिवसाच्या प्रवासात मात्र बहुतांशी पडद्याचेच पैसे मोजले जातात. शिवाय हा वर्ग ज्याच्यासाठी जन्मला, त्या व्यावसायिकाचे भाडे बहुधा त्याची कंपनी भरत असे. स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याने तिकिटातील झोपेची किंमत आणि पडद्याची किंमत वेगवेगळी मोजून पाहावी. द्युप्युईने १८४९ मध्ये दाखवलेला हिशेब आजही तोच आहे.