थिबा राजाचं परमुलखातलं घर

परदेशात सुटीपुरतं एखादं घर असावं, ही हौस आता मराठी माणसालाही नवी राहिलेली नाही. २००४ साली रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठवण्याचे नियम सैल केले आणि कायद्याची वाटही थोडी मोकळी झाली. असं घर घेताना आपण काय पाहतो? समुद्र दिसावा, झाडी असावी, वारा खेळता असावा. हे सगळं असलेलं, पण परक्या मुलखातून आलेल्या माणसाचं एक घर रत्नागिरीत शंभर वर्षांहून अधिक काळ उभं आहे. त्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला कुटुंबासह बाहेर काढलं. आधी मद्रास आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. रत्नागिरीच का? मंडालेपासून दूर, रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद. नजरकैदेला याहून सोयीचं गाव कुठलं!

गंमत अशी, की १ जानेवारी १८८६ पासून ब्रह्मदेश इंग्रजांच्या साम्राज्याला जोडला गेला आणि पुढे १९३७ पर्यंत तो हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. म्हणजे सरकारी नकाशावर राजा परदेशात नव्हताच. पण घरी जायची परवानगी मात्र नव्हती.

सुरुवातीची चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत गेली. मग उंचावरच्या जागेवर, राजाची पसंती विचारून, तीन मजली राजवाडा बांधला. उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार खिडक्या, सागवानी काम. १९१० मध्ये कुटुंब तिथे राहायला गेलं. गच्चीतून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसे. राजा जहाजं पाहत बसे, असं रत्नागिरीकर सांगतात. घर मनासारखं होतं, पण दाराची किल्ली सरकारकडे होती.

जेमतेम सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, राजा वारला. धाकटी राणी १९१२ मध्येच गेली होती. दोघांचे देह मंडालेला न्यावेत ही कुटुंबाची इच्छा; सरकारने ती मानली नाही. १९१९ मध्ये रत्नागिरीतच दफन झालं. थोरली राणी सुपयालत त्याच वर्षी रंगूनला परतली, पण मंडाले तिलाही मिळालं नाही. १९२५ मध्ये ती रंगूनलाच वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे. त्याच परिसरात आपल्या बहादूरशहा जफरची कबर आहे. दिल्लीचा बादशहा रंगूनला, मंडालेचा राजा रत्नागिरीला. इंग्रजांनी केलेली ही अदलाबदल!

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. राजवाड्यावर चाकरीला असलेल्या एका मराठी माणसाशी तिचा संसार जुळला होता. हलाखीत दिवस काढून १९४७ मध्ये ती इथेच वारली. तिचा वंश मराठी बोलत कोकणातच रुजला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले.

घर कितीही देखणं असो, ते आपलं कधी होतं? हवं तेव्हा येता आणि हवं तेव्हा निघता येतं, तेव्हा. राजाला यातलं काहीच करता आलं नाही. त्याची लेक मात्र आपण होऊन आली, आणि परक्या मुलखातलं घर तिचं झालं.