मुरलेले लिंबू आणि सुटलेला देश

पाककृतींच्या पुस्तकाला आपण साहित्याच्या इतिहासात सहसा स्थान देत नाही. बखर, पत्र, प्रवासवर्णन यांना आपण साधन मानून वाचतो. पाककृती मात्र स्वयंपाकघरातच राहते. मोरोक्कोतील कोंबडीचा ताजीन घरी शिजवताना आम्हांला ही वाटणी पुन्हा तपासून पाहावीशी वाटली.

ताजीन हे मुळात भांड्याचे नाव. त्यात शिजणाऱ्या रश्शालाही तेच नाव मिळाले. खाली उथळ मातीचे पात्र, वर शंकूच्या आकाराचे झाकण. मंद निखाऱ्यांवर वाफ वर चढते, झाकणाला लागून निवते आणि पुन्हा रश्शात उतरते. त्यामुळे पाणी फारसे लागत नाही. आम्ही जाड बुडाच्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवून काम भागवले. पहिल्या खेपेस हात सवयीने टोमॅटो आणि लाल तिखटाकडे गेला. रस्सा उत्तम झाला, पण तो आपलाच झाला. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातली. १४९२ पूर्वी ती ना मोरोक्कोत होती, ना आपल्याकडे. दुसऱ्या खेपेस ती वगळली. कांदा, लसूण, आले, हळद, केशर, मिरी, कोथिंबीर आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर कोंबडी तासभर मंद आचेवर ठेवली. शेवटी ऑलिव्ह आणि मिठात महिनाभर मुरलेल्या लिंबाची साल घातली. या लिंबाला तिखट नाही, फोडणी नाही. केवळ मीठ, स्वतःचा रस आणि काळ.

टिकवून ठेवण्याची ही कला तिथल्या ग्रंथांतही दिसते. इब्न रझीन अल-तुजीबी हा तेराव्या शतकातला लेखक स्पेनमधील मुर्सियाचा. १२४३ मध्ये ते नगर कास्तीलच्या अंमलाखाली गेले. पुढे तो देश सोडून उत्तर आफ्रिकेत आला आणि ट्यूनिसमध्ये स्थिरावला. अंदलुस आणि मगरिब या दोन्ही प्रदेशांतील पाककृतींचा मोठा ग्रंथ त्याने सिद्ध केला. आजचा ताजीन थेट या ग्रंथातून आला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु गाव सुटलेला एक विद्वान गावाकडचे पदार्थ प्रकारवार लिहून ठेवतो, तेव्हा ती केवळ कृती उरत नाही. परत जाता येत नाही तिथले जे काही सोबत आणता आले, त्याची ती नोंद असते.

पुढच्या शतकात याच प्रदेशातला, तांजियरचा इब्न बतूता हिंदुस्थानात आला. दौलताबाद आणि नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहिले आहे. इथल्या कैरीचे लोणचे पाहून त्याला आठवले ते आपल्या देशातले मिठात मुरवलेले लिंबू. कालिकतला मापाने मोजली जाणारी मिरी पाहून आठवले घरचे धान्य. राजे, दरबार, शिक्षा यांची वर्णने करणारा हा प्रवासी अपरिचित वस्तू समजावून सांगताना मात्र घरच्या कोठाराकडे वळतो. आमच्या वर्गांत त्याचे दरबारच वाचले जातात. लोणच्याची ओळ आम्हीही अनेक वर्षे ओलांडून गेलो, हे कबूल केले पाहिजे.

एकाने मागे राहिलेला देश पाककृतींत जपला, दुसऱ्याने समोरचा देश घरच्या चवीने जाणला. दोघेही पुरुष, दोघेही लेखक. ज्या हातांनी ती लिंबे मिठात दाबली, त्यांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने पाककृती वाचायची ती या अनुपस्थित हातांसाठीही. 'चवीपुरते मीठ' असे लिहिणारा लेखक वाचकाच्या हाताला ते ज्ञान आहे असे गृहीत धरतो. त्या गृहीतकातच न लिहिलेला इतिहास असतो.

असो. आमच्या बरणीतली लिंबे आता मऊ झाली आहेत. त्यांच्या सालीची चव आपल्या उपवासाच्या लिंबाच्या लोणच्याला फार जवळची आहे. इब्न बतूताला उलट्या दिशेने हेच जाणवले असावे.