एका यंत्राचे दोन कारभारी

मूर्तिजापूरच्या जंक्शनावर पूर्वी एक गंमत दिसे. एकीकडे मुंबई-नागपूरची रुंद वाट, आणि तिच्या शेजारीच अचलपूर-यवतमाळकडे जाणारी शकुंतलेची अरुंद वाट. स्टेशन एक, रूळ दोन. कुणाला कुठे जावयाचे आहे, त्याप्रमाणे त्याने गाडी धरावी. शकुंतला आता धावत नाही. परंतु एकाच जागी दोन व्यवस्था एकमेकींना धक्का न लावता कशा नांदतात, हे समजून घ्यावयास तिच्याइतके चांगले उदाहरण आपल्या मुलखात दुसरे नाही.

आज सांगावयाचे आहे ते संगणकाविषयी. शाळेत, ग्रामपंचायतीत, जिनिंगच्या कचेरीत टेबलावर जो संगणक असतो, त्याला एक कारभारी लागतो. कळ दाबली की अक्षर उमटवावयाचे, कागद छापावयाचा, हिशेब जपून ठेवावयाचा, ही सारी कामे तो कारभारी यंत्राकडून करवून घेतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा कारभारी म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. दुसरा एक आहे, त्याचे नाव लिनक्स. तो विनामूल्य मिळतो, त्याची घडण उघडी आहे, आणि कुणीही ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी अशी त्याला मोकळीक आहे. आता तुम्ही विचाराल, एका घरात दोन कारभारी नांदतील काय? नांदतात. मात्र कसे, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

अमरावतीस विद्यापीठ स्थापन झाले ते १ मे १९८३ रोजी. त्याच वर्षी संगणकाच्या जगात दोन गोष्टी घडल्या. मार्च महिन्यात आय.बी.एम. कंपनीने आपला एक्स्टी हा संगणक बाजारात आणला. त्यात माहिती साठवावयाची पक्की तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, होती. आणि त्या तबकडीचे हिस्से पाडण्याची सोयही त्याच वेळी आली. सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले की, सर्वांना मोकळेपणाने वापरता येईल अशी एक संपूर्ण व्यवस्था आपण लिहिणार. तिला त्यांनी ग्नू हे नाव दिले. एका गोष्टीने वावरात धुरे घालता येऊ लागले. दुसरीने त्या वावरात नवे पीक घेण्याचा संकल्प सोडला.

वावर आणि धुरा हे शब्द मुद्दामच वापरले. हार्ड डिस्क हे एक वावर समजा. मधोमध धुरा घातला की अलीकडे कपाशी, पलीकडे तूर. कपाशीचे पाणी तुरीत जात नाही. पण धुरा कुठे आहे हे कागदावरही लागते, नाहीतर भांडणे होतात. संगणकात तो सातबारा तबकडीच्या अगदी पहिल्या तुकड्यात लिहिलेला असे. हा तुकडा ५१२ बाइटांचा, म्हणजे साधारण एवढ्याच अक्षरांचा. त्यात ४४६ बाइटांत यंत्राला जागे करणारा छोटा कार्यक्रम, ६४ बाइटांत चार हिश्शांची नोंद, आणि शेवटी दोन बाइटांची खूण. एवढ्याशा चिठ्ठीवर साऱ्या यंत्राचा कारभार! ती चिठ्ठी पुसली गेली की यंत्र आपले घर विसरलेच म्हणून समजा.

पुढचा अंक फिनलंडमधला. अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाले त्या १९६९ सालाच्या अखेरीस तिकडे लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा जन्म झाला. १९९१ च्या आरंभी हेलसिंकीच्या या विद्यार्थ्याने एक संगणक विकत घेतला. त्यावर मिनिक्स नावाची, विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकांनी लिहिलेली व्यवस्था बसविली. मिनिक्समध्ये बसूनच त्याने आपली नवी व्यवस्था लिहावयास घेतली, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी तिची वार्ता जगाला दिली. म्हणजे पाहा, लिनक्सचा जन्मच मुळी दुसऱ्या कारभाऱ्याच्या घरी, त्याच्या शेजारच्या खोलीत झालेला आहे.

या बिऱ्हाडात पहिला अपघातही खुद्द जनकाच्याच हातून झाला. विद्यापीठाच्या संगणकाशी टेलिफोनवरून जोडून घेण्याच्या प्रयत्नात टॉरव्हाल्ड्स यांनी ती आज्ञा चुकून आपल्या हार्ड डिस्कलाच दिली, आणि मिनिक्सचा हिस्सा बिघडून गेला. मिनिक्स पुन्हा बसवावे, की स्वतः लिहिलेल्या व्यवस्थेवर विसंबावे? त्यांनी दुसरी वाट धरली. पुढे १९९२ साली ग्नूच्या मंडळींनी तयार केलेला मुक्त परवाना त्यांनी स्वीकारला. आणि ग्नूची अवजारे व लिनक्सचा गाभा एकत्र येऊन संपूर्ण व्यवस्था उभी राहिली.

दोन कारभारी एका घरात आले, आता दारावर कोणी बसावयाचे? यंत्र सुरू होताच 'आज कुणाला बोलावू?' असे विचारणारा द्वारपाल हवा. पहिला प्रसिद्ध द्वारपाल म्हणजे लिलो. तो १९९२ च्या सुमारास व्हेर्नर आल्म्सबेर्गर यांनी लिहिला. लिलो प्रामाणिक खरा, पण त्याला घर ओळखता येत नसे. अमुक क्रमांकाच्या कप्प्यात लिनक्स आहे, एवढे तो पाठ करून ठेवी. कप्पा बदलला आणि त्याला पुन्हा पढविले नाही, तर तो दारातच अडून बसे. १९९५ साली एरिक बोलेन यांनी ग्रब नावाचा दुसरा द्वारपाल सुरू केला. ग्रबला घरातील कागद स्वतः वाचता येतात. म्हणून हळूहळू त्याचीच सर्वत्र नेमणूक झाली.

या काळात एक भांडण फार गाजले. लिनक्स आधी बसविले आणि मागाहून विंडोज बसविली, तर विंडोज ती पहिली चिठ्ठी नव्याने लिही आणि लिनक्सच्या द्वारपालास बाहेर काढी. लिनक्स घरातच असे, पण त्याच्या खोलीचे दार सापडत नसे. म्हणूनच आधी विंडोज, मागाहून लिनक्स, हा क्रम जाणत्यांनी घालून दिला. तो आजही पाळावा.

आपल्या देशात लिनक्स आले ते बरेचसे मासिकांच्या पाकिटातून. १९९६ पासून पीसीक्वेस्ट या इंग्रजी मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची तबकडी देण्यास सुरुवात केली. त्या कामी बेंगळुरूचे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. पुढे २००४ साली उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती निघाली, आणि ती तयार करणाऱ्या कंपनीने मागेल त्याला पोस्टाने फुकट तबकडी पाठविण्याचा सपाटाच लावला. २०११ पर्यंत ही योजना चालू होती. जिथे इंटरनेट मुंगीच्या पावलाने चाले, तिथे पोस्टमनच्या पिशवीतून संपूर्ण कारभारी घरपोच येई, ही गोष्ट इतिहासात नोंदविण्यासारखी आहे.

मराठीचे काय? हा प्रश्न गुरुजी मंडळींनी विचारलाच पाहिजे. सुरुवातीची कित्येक वर्षे संगणकावरील मराठी म्हणजे ज्याचा टंक त्याची भाषा अशी गत होती. अकोल्यास टाइप केलेला मजकूर अमरावतीस उघडावा तर अक्षरांची खिचडी. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताने ती अडचण हटविली. लिनक्सच्या बाजूने पुणे-मुंबईच्या मंडळींनी यात मोठा वाटा उचलला. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्स या उपक्रमाने भारतीय भाषांचा पाया घातला. रेड हॅट कंपनीने लोहित नावाचे टंक सर्वांसाठी मोकळे केले. पडद्यावरील सूचनांचे मराठी भाषांतरही झाले. २००७ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची भारतीय लिनक्स आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत मराठीसही स्थान आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्युटोरियल नावाचे छोटे छोटे बोलके पाठ तयार केले. लिनक्सवरचे त्यातले पाठ मराठीतूनही ऐकता येतात.

तरीही वऱ्हाडात विंडोजच रुजली, आणि त्याची कारणे साधी आहेत. राज्यात २००१ पासून घरोघरच्या मुलांनी एम.एस.-सी.आय.टी.चा वर्ग केला, आणि त्यात विंडोजची सवय झाली. अडत्याच्या दुकानातला टॅलीचा हिशेब विंडोजवर. मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ साली डिजिटल गाव म्हणून पुढे आले, तेही राज्य सरकार व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. ज्याने आधी पाणी दिले, त्याच्या विहिरीवर लोक जाणारच. केरळने मात्र २००१ साली आयटी अॅट स्कूल ही योजना हाती घेऊन पुढे शाळांतील संगणक मुक्त व्यवस्थेवर आणले, हेही ध्यानात ठेवावे.

हा इतिहास आताच सांगावयाचे कारण असे, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा सवलत कंपनीने दिली आहे, एवढेच. विंडोज ११ ला यंत्रात विशिष्ट सुरक्षा-चकती व नवा प्रोसेसर लागतो, तो जुन्या संगणकांत नाही. म्हणजे धडधाकट चालणारी यंत्रे केवळ कारभारी निवृत्त झाला म्हणून भंगारात जावयाची! लोकवर्गणीतून, पालकांच्या पैशांतून घेतलेले शाळेचे संगणक असे फेकावयाचे काय? बैल तरणा असताना केवळ गाडीवान गेला म्हणून कुणी बैल बाजारात नेत नाही.

अशा वेळी धुरा घालून दुसरा कारभारी आणणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. त्याचे पथ्य थोडक्यात सांगतो. पहिले, मुलांचे गुण, दाखल्यांची नोंद, हिशेब, जे काही मोलाचे असेल त्याची प्रत वेगळ्या तबकडीवर काढून ठेवावी. हे केल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. धुरा सरकविताना वीज गेली तर दोन्हीकडचे पीक बुडते. दुसरे, लिनक्स पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसविता आधी चालवून पाहावे. छपाई होते का, इंटरनेट लागते का, मराठी नीट उमटते का, याची खात्री करावी. तिसरे, जागा मोकळी करावयाची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. चौथे, २०१२ नंतरच्या विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तीमुळे यंत्र बंद केले तरी विंडोज अर्धवट जागीच राहते. ती सोय बंद करावी, नाहीतर लिनक्समधून तिच्या हिश्शाला हात लावताच कागद फाटण्याची भीती. पाचवे, तबकडीस बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली आधी लिहून ठेवावी.

नव्या यंत्रांत ती ५१२ बाइटांची चिठ्ठी मागे पडली आहे. तिच्या जागी यूईएफआय ही नवी पद्धत आली. तीत दोन्ही कारभाऱ्यांची नावे एका वेगळ्या दप्तरात स्वतंत्र नोंदविलेली असतात, आणि त्यामुळे जुने भांडण पुष्कळच मिटले आहे. एक खोड मात्र राहिली. विंडोज यंत्रातील घड्याळ आपल्या गावच्या वेळेवर ठेवते, लिनक्स ते ग्रीनिचच्या वेळेवर समजते. म्हणून एकातून दुसऱ्यात गेले की घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले दिसते. भिऊ नये, यंत्र बिघडलेले नाही. लिनक्सला एक आज्ञा देऊन दोघांची वेळ जुळविता येते.

श्रोतेहो, कोणती व्यवस्था श्रेष्ठ, हा वाद येथे करावयाचा नाही. टॅलीसाठी विंडोज लागेल, तर ती राहू द्या. मुलांना शिकविण्यासाठी, लिहिण्यासाठी, इंटरनेटसाठी लिनक्स वापरा. शाळेतील सगळीच यंत्रे एकदम बदलू नका. एक निवडा, एखादा जाणता विद्यार्थी हाताशी घ्या, आणि दिवाळीच्या सुटीत सावकाश बसून हे काम करा. त्या मुलाला त्यातून जे शिकावयास मिळेल, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. कारण आजवर त्याने संगणक वापरला असेल. त्या दिवशी तो त्याच्या आत काय असते ते पाहील, आणि यंत्राचा मालक आपणच, कारभारी नव्हे, हे त्याला कळेल.