बॉम्बे हायचा गंज : शोधानंतरचा इतिहास

बॉम्बे हायचा इतिहास आपल्याकडे शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९६४ ते ६७ या काळात सोव्हिएत जहाजावरून खंबातच्या आखाताची पाहणी झाली, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’च्या विहिरीला तेल लागले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. मला कुतूहल आहे ते पुढच्या पन्नास वर्षांचे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटरच्या आसपास खोल पाण्यात उभे केलेले पोलाद टिकले कसे?

समुद्र आमच्या शेगावपासून चारशे किलोमीटर दूर. तरी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारे पाणी आणि लोखंड यांचे वैर शिकवावे लागत नाही. विहिरीतला पाइप बाहेरून धड दिसतो आणि वर ओढला की हातात त्याचे पापुद्रे येतात. समुद्रातल्या केसनची व्यथा नेमकी हीच आहे.

केसन म्हणजे प्लॅटफॉर्मच्या मजल्यावरून समुद्रात सोडलेला, खालचे तोंड उघडे असलेला पोलादी नळ. कुणाच्या पोटात समुद्राचे पाणी उचलणारा पंप लोंबत असतो, कुणाच्या पोटात आग विझवण्याचा पंप, तर कुणातून सांडपाण्याचा निचरा होतो. सगळ्यात आधी झिजतो तो लाटांच्या शिंतोड्यांचा पट्टा. तिथे पोलाद सतत ओले-कोरडे होते आणि हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो.

पाण्याखालच्या भागाला वाचवण्याचा उपाय दीडशे वर्षे आधीच सापडला होता. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजेही त्याच नौदलात होती. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवले, की या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. पण तांबे विरघळेनासे झाल्यावर तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले, जहाजांचा वेग मंदावला आणि नौदलाने तो उपाय सोडला. आज प्लॅटफॉर्मच्या पायांना अॅल्युमिनियमचे किंवा जस्ताचे अॅनोड जोडतात, ते याच तत्त्वावर. त्याची मर्यादा मात्र कायम आहे. पाण्याबाहेर त्याचा उपयोग नाही आणि बाहेर लावलेल्या अॅनोडचे संरक्षण केसनच्या पोटात फार आतवर पोहोचत नाही. म्हणून नळ आतून पोखरतो, आणि पंप बाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाही.

दुरुस्ती सोपी नाही. आजूबाजूला वायू असल्याने वेल्डिंगची ठिणगी धोक्याची. म्हणून दोरावर लोंबकळणारे कामगार आणि पाण्याखाली पाणबुडे आधी अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजतात. मग झिजलेल्या जागी बाहेरून क्लॅम्प आवळतात, इपॉक्सीत भिजवलेले तंतूंचे पट्टे गुंडाळतात किंवा आत दुसरा नळ सरकवतात. काहीच शक्य नसेल, तर आधी नळ बांधून धरायचा आणि मगच कापायचा; कारण सुटलेला तुकडा खाली पडला तर समुद्रतळावरची तेलवाहिनी फोडू शकतो. हे सारे पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत उरकायचे.

प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या बाजूने जाणारे नळ किती नाजूक जागी असतात, हे २७ जुलै २००५ रोजी दिसले. मुंबईतल्या महापुराचा तो दुसरा दिवस. एका जखमी माणसाला पोहोचवायला आलेले ‘समुद्र सुरक्षा’ जहाज बॉम्बे हाय नॉर्थच्या तेल-वायू वाहणाऱ्या नळांवर आदळले. वायू पेटला, प्लॅटफॉर्म नष्ट झाला. ३६२ जण वाचले, २२ जणांचे प्राण गेले. तिथे कारण गंज नव्हते, टक्कर होती. पण एक नळ फुटल्यावर काय होते, ते साऱ्या देशाने पाहिले. आग विझवण्याचे पाणी ज्या केसनमधून वर येते, त्याच्या भिंतीची जाडी किती उरली आहे, हा प्रश्न त्यामुळेच माणसांच्या जिवाचा ठरतो.

शोधाची छायाचित्रे उरतात, मुहूर्ताच्या तारखा उरतात. दुरुस्तीचे उरतात ते जाडीच्या मोजमापांचे तक्ते: या वर्षी इतके मिलिमीटर, पुढच्या वर्षी त्याहून कमी. बॉम्बे हायच्या इतिहासकाराला ते तक्ते वाचायला शिकावे लागेल. अपघात झाला की चौकशीचे कागद तयार होतात. जो अपघात टळला, त्याची साक्ष फक्त त्या आकड्यांत असते.