पासष्टीचा उंबरठा

२०१५ साली आई घरात पाय घसरून पडली. तिला अमेरिकेत येऊन तीनच वर्षे झाली होती. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना, इथे कधी नोकरी केली नसेल, तर मेडिकेअर विकत घेण्यासाठीसुद्धा सलग पाच वर्षे राहावे लागते. बारा हजार डॉलर्सचे बिल मीच भरले. आई चौऱ्याहत्तरची, माझ्यावर अवलंबून. तेव्हा ज्येष्ठांची सवलत मिळणार असे मी धरून चाललो. पण कायदा वय पाहत होता ते कर भरणाऱ्याचे किंवा त्याच्या जोडीदाराचे! एक लाखाच्या उत्पन्नावर माझा उंबरठा दहा टक्के, म्हणून वजावट दोन हजारांची. साडेसात टक्के लागले असते, तर साडेचार हजारांची झाली असती.

नियम खटकला की त्याचे मूळ शोधायचे, ही इंजिनिअरची खोड. १९४२ साली युद्धखर्चासाठी आयकर सामान्य पगारदारांपर्यंत पोचला, तेव्हाच ही वजावट आली. उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवरचा वैद्यकीय खर्च तेवढा वजा होई. १९५१ मध्ये पासष्टीपुढच्या करदात्यांसाठी हा उंबरठा काढला. १९५४ मध्ये इतरांसाठी तो तीन टक्के झाला. आणि १९६० मध्ये, वाचून मी चकित झालो, अवलंबून असलेल्या पासष्टीपुढच्या आईवडिलांच्या खर्चालाही तीच सूट मिळाली. म्हणजे मला हवा होता तो कायदा इथे होऊन गेला होता!

१९६५ साली मेडिकेअर आले. आता म्हाताऱ्यांची सोय झाली, असे मानून १९६७ पासून वयाची सूट बंद झाली. आपल्या उशिरा आलेल्या आईवडिलांचा विचार त्या हिशेबात नव्हता.

पुढे उंबरठा चढत गेला: १९८३ पासून पाच, १९८७ पासून साडेसात टक्के. २०१० च्या आरोग्य कायद्याने २०१३ पासून तो दहा केला; पासष्टीपुढच्यांना २०१६ पर्यंत साडेसातच ठेवला. २०१७ पासून सर्वांना साडेसात लागू झाले आणि डिसेंबर २०२० च्या कायद्याने ते कायम झाले.

वय पुरते गेले नाही, बरे का. दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता खर्चात धरण्याची मर्यादा अजूनही वयावर ठरते. २०२५ साठी चाळिशीपर्यंत ४८०, सत्तरीपुढे ६,०२० डॉलर्स.

आईवडिलांना बोलावण्याआधी मित्र मला हिशेब विचारतात. मी म्हणतो, वजावटीवर विसंबू नका. पहिल्या पाच वर्षांचा विमा आधी बघा.