सासऱ्यांचा महिना

जालना जिल्ह्यातल्या परतूर भागात जावई आणि सासरा हे तसं अबोल नातं. ओसरीवर दोघं समोरासमोर बसले की पाऊसपाणी, कापसाचा भाव, बैलजोडी, एवढ्यात बोलणं आटोपायचं. जावयानं 'मामा' म्हणायचं आणि मान खाली घालायची. अशा घुम्या सासऱ्याला माया दाखवायला पंचांगानंच एक महिना काढून दिला. पंचांगातला तो अधिक मास, गावाकडचा धोंड्याचा महिना.

हिशेब साधा आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी पडणारी अकरा दिवसांची तूट भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. या महिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही, म्हणून लग्न-मुंजीही नाहीत. कुणालाच नको असलेल्या या मलमासाला विष्णूनं स्वतःचं नाव दिलं आणि तो पुरुषोत्तम मास झाला, अशी पुराणातली कथा. त्या नात्यानं लेक-जावई लक्ष्मी-नारायण ठरले आणि सासरा यजमान.

परतूरकरांना हा पुरुषोत्तम लांबचा नाही. दक्षिणेला गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी लागते. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळातला, १३१० सालचा ताम्रपट या गावाच्या नावानं इतिहासात प्रसिद्ध आहे. राजाचा पुरुषोत्तम नावाचा प्रधान होता. त्याच्या नावानं ब्राह्मणांना अग्रहार दिल्याची नोंद त्यात आहे. आज मात्र गावात गर्दी होते ती देवासाठी. अधिक मासात गंगेत, म्हणजे गोदावरीत, अंघोळ करून लोक पुरुषोत्तमाला धोंड्यांचा, म्हणजे पुरण भरलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नैवेद्य दाखवतात.

घरी मात्र देव म्हणजे जावई. पुरणाचा गोळा कणकेत भरून धोंडे करायचे. शिवाय तेहेतीस अनारसे. अनारशांच्या पिठाची तयारी काही दिवस आधीच सुरू होते. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे आणि गुळात मळून मुरू द्यायचे. खसखशीवर थापून तुपात सोडल्यावर जाळी पडली तरच तो अनारसा. तांब्याच्या ताटात अनारसे, वर दिवा, सोबत टोपी-टावेल आणि कापड. ऐपत असेल तर अंगठी. राबायची सासूच, पण हे वाणाचं ताट जावयाच्या हाती द्यायचा मान सासऱ्यांचा. एरवी नजर न देणारा माणूस त्या दिवशी जावयाचे पाय धुतो आणि जावई पाय मागं घेतो. जुन्या जावयांच्या आठवणीत सासरे राहतात ते बहुधा असेच.

तीस वर्षांच्या संसारात असे धोंड्याचे महिने अकराच्या आसपासच येतात. त्यामुळे ते लक्षात राहतात, पावसापाण्यासकट. २०१२ साली अधिक भाद्रपद आला तेव्हा जालना जिल्हा भीषण दुष्काळाच्या तोंडावर होता. २०१५ चा अधिक आषाढ ऐन पेरणीत आला, २०१८ चा ज्येष्ठ हात रिकामा असताना. २०२० च्या अधिक आश्विनात करोनामुळे देवळंच बंद होती. पुरुषोत्तमपुरीचा नैवेद्य घरच्या देव्हाऱ्यातच दाखवावा लागला. महिना कोणता येतो, यावर सासऱ्यांचा खिसा ठरतो. पण जावयाला वाण चुकवलं, असं गावात ऐकू यायला नको, म्हणून उधारउसनवारीही व्हायची. सुनेच्या वाट्याला असा महिना नाही, हेही सांगायला हवं.

जावई येण्याची रीतही बदलत गेली. परतूरला रेल्वे आली ती निजामाच्या राज्यात, मनमाड-सिकंदराबाद मार्गावर, १९०० च्या सुमारास. तालुका तेव्हा परभणीचा होता. रेल्वेमुळं परभणी, सेलूकडचे जावई आदल्या दिवशीच उतरू लागले. आता जावई पुण्याला, संभाजीनगरला. रविवार बघून दुपारपुरते येतात, अनारसे दुकानातून आणले जातात, वाणाचा दिवा चांदीचा हवा असतो. लग्नसराई थंडावलेल्या महिन्यात सराफ आणि कापड दुकानदार या वाणावरच तगतात.

२०२६ चा अधिक मास पुन्हा ज्येष्ठच, १७ मे ते १५ जून. म्हणजे सरकीच्या पिशव्या घ्यायच्या दिवसांतच जावयाचं कापडही घ्यायचं.